उठला का रे दिवा?

१

सोडियमचा दिवा एकदम लागत नसे. आधी काचेच्या आत डाळिंबी ठिपका, मग तांबडा गोळा, मग नारिंगी, आणि चार-पाच मिनिटांनी तो पुरता पिवळा व्हायचा. आमच्या हौदगल्लीत या शेवटच्या टप्प्याला ‘दिवा उठला’ म्हणत. तिन्हीसांजेला घरातलं बटण दाबलं की आपण बल्बला हात जोडतो ना, तसे गल्लीतले लोक बाहेर येऊन खांबावरच्या दिव्याला हात जोडायचे. तो उठेपर्यंत थांबायचे, उठला की हात जोडून आत जायचे. हे कुणी सुरू केलं, कुणाला ठाऊक नाही. गल्लीच्या टोकाचा हौद बुजवून पंचवीस वर्षं झाली, पण ही सवय गेली नव्हती.

ते दिवे उतरवायचं काम माझ्याकडे आलं. मी व्यंकट, मूळचा लोहा गावचा. नांदेडच्या रस्त्यांवरचे जुने दिवे काढून एलईडी बसवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर आहे, आणि राहतोही हौदगल्लीतच. नवा दिवा हुशार. संध्याकाळी लागतो तो मंद, पाचातला एक भाग. खालून कुणी गेलं की त्याच्या अंगाची ऊब हलताना सेन्सरला दिसते, आणि दिवा पूर्ण पेटतो. माणूस बाजूला झाला की अर्ध्या मिनिटात पुन्हा मंद. वीज वाचते, कोळसा वाचतो, हवा वाचते, असं आमच्या पत्रकात छापलंय आणि ते खोटं नाही. या कामाचा मला अभिमान होता.

मार्चमध्ये आमच्या गल्लीच्या खांबावरचा दिवा बदलला तेव्हा वाटलं, आता ही हात जोडायची भानगड आपोआप संपेल. कसली संपते! लोकांनी रांग लावली. एकेक जण खांबाखाली जायचा, दिवा त्याच्यासाठी उठायचा, तो हात जोडून बाजूला व्हायचा. दिवा मंद होईपर्यंत पुढचा थांबायचा. पूर्वी सगळ्यांसाठी मिळून एकदाच उठणारा दिवा आता प्रत्येकासाठी वेगळा उठू लागला. लोक खूश झाले. मीही झालो, खोटं कशाला बोलू.

माझी माय, कावेरीबाई, त्या रांगेत नसायची. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिला रिक्षात घालून डायलिसिसला न्यायचो, चार तास बाहेरच्या बाकावर बसायचो आणि परत आणायचो. सरकारी योजनेत सगळं फुकट होतं, पैशाचा प्रश्न नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, डायलिसिसच्या दोन-तीन पाळ्या चुकल्या तर बाईंचा भरवसा नाही. तीन वर्षांत मी एकही पाळी चुकवली नव्हती. माझ्या स्वतःच्या छातीत स्टेंट आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी माझी बायको सत्यशीला रोज सकाळी तांब्यावर पालथ्या घातलेल्या फुलपात्रावर ठेवायची. अशी आमच्या घरातली माणसं वेळच्या वेळी जिवंत राहत होती.

२

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दिवा सरजाबाईसाठी उठला नाही.

सरजाबाई म्हणजे कोपऱ्यावर भाजक्या शेंगा विकणारी म्हातारी, एकटी राहायची. ती खांबाखाली गेली, पदर सावरला, वर बघितलं. दिवा होता तसाच मंद. एक पाऊल मागे गेली, एक पुढे आली.

“माज्यावर रुसला की काय मेला,” ती म्हणाली आणि हसली. तिच्यामागून शेजारची सिंधु गेली तर लख्ख उजेड पडला. “बघा, तरण्या बाईला बरूबर वळखतो.”

नऊ दिवसांनी सरजाबाई झोपेतच गेली. सत्तरीची बाई, नांदेडचा एप्रिल. कुणी काही जोडलं नाही. मी मात्र त्या संध्याकाळीच ओळखलं होतं दिवा का उठला नाही ते, आणि कुणाला बोललो नव्हतो.

गोष्ट साधी होती. आमच्या गल्लीची वीजबचत अहवालात कमी दिसत होती. कशी दिसणार जास्त? रोज तीस माणसं मुद्दाम दिवा उठवणार, वर कुत्री आणि शेळ्या. सेन्सरच्या मागे एक बारीक स्क्रू असतो, तो डावीकडे फिरवला की सेन्सरची नजर आखूड होते. तो फिरवायचा नाही असा कंपनीचाच नियम आहे. जूनमध्ये शेवटची तपासणी होती, त्यात हा आकडा माझ्या नावावर येणार होता. म्हणून एप्रिलच्या सुरुवातीलाच मी मल्लेशला शिडीच्या गाडीतून वर पाठवलं होतं. मल्लेश आमचा लाइनमन, देगलूरकडचा, वीस वर्षं खांबांवर काढलेला माणूस.

“सायेब, म्हातारी माणसं हळू चालत्यात,” तो वरून म्हणाला. “त्यांला न्हाई दिसायचा मंग उजेड.”

“दिसतो. तू फिरव.”

त्यानं फिरवला. खाली आल्यावर एवढंच सांगितलं की सेन्सरला माणूस दिसला की काचेमागे लाल ठिपका लुकलुकतो, कधी शंका आली तर तो बघा. जसं काही मला ते माहीत नव्हतं.

तर सरजाबाई मुंगीच्या पावलानं चालायची. त्यात उन्हाळ्यात सात वाजता हवाच अंगाइतकी तापलेली असते, सेन्सरला अंगाची ऊब वेगळी कळत नाही. झालं. यात गूढ काही नव्हतं.

३

बजरंग मात्र हळू चालणारा नव्हता.

सव्वीस वर्षांचा गडी, बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलायचा. रांगेत नेहमी शेवटी यायचा, कारण कामावरून यायला त्याला उशीर व्हायचा. त्या दिवशी तो खांबाखाली गेला आणि दिवा मंदच राहिला. तो हसला. दोन उड्या मारल्या. मग सदरा काढून डोक्यावर गरगर फिरवला. सगळी गल्ली हसत होती, मीही ओट्यावरून हसत होतो. तो खांबाभोवती पळायला लागला. एक फेरी, दोन, तीन. त्याच्या चपलांचा फटफट आवाज भिंतींवर आपटून परत येत होता. मग एकेकाचं हसू बंद पडत गेलं आणि शेवटी नुसता तो आवाज उरला.

बजरंग थांबला. वर बघून, एखाद्या माणसाला विचारावं तसं म्हणाला, “काहून बे? म्या काय केलो?”

तेवढ्यात एक लंगडं कुत्रं रस्ता ओलांडून गेलं आणि दिवा त्या कुत्र्यासाठी उठला.

मी आत जाऊन हातपाय धुतले आणि विचार करत बसलो. कुत्र्यासाठी उठायला नको होता. स्क्रू त्याचसाठी तर फिरवला होता. पण कुत्र्याचं अंग माणसापेक्षा गरम असतं. बजरंग दिवसभर बर्फात, त्याची कातडी गार. गार माणूस सेन्सरला दिसत नाही, गरम कुत्रं दिसतं. मी हे सत्यशीलाला समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली आणि विचारलं, “कारखान्यातनं घरला येईस्तोवर अर्धा घंटा लागतो. एवढ्या उन्हाळ्यात तो गार राह्यला व्हय?”

चौथ्या दिवशी बायपासवर बजरंगच्या मोटारसायकलला ट्रकनं मागून उडवलं. त्याला गल्लीत आणलं तेव्हा बायका रडत होत्या, पण पुरुषांपैकी कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. भर दुपारी, दिवा बंद असताना, सगळे खांबाकडे बघत होते.

४

मग गल्ली बदलली. काही जण रांगेत यायचे बंद झाले, संध्याकाळी खांबापलीकडे जायचं असलं की भिंतीला चिकटून तिरपे पळायचे. काही जण उलट ज्याला त्याला खांबाखाली न्यायला लागले. बिलोलीहून कुणाच्या तरी पोरीला बघायला पाहुणे आले, तर नवऱ्या मुलाला चहाच्या आधी दिव्याखाली उभं केलं. उठला दिवा, मग पोहे दिले. मी हसलो या गोष्टीला. गल्लीत बाकी कुणी हसलं नाही.

मेच्या सुरुवातीला सिंधुच्या नवऱ्यानं आणि दिरानं आपल्या बापाला, दगडोबाला, दोन्ही हातांना धरून खांबाखाली नेलं. दगडोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, किनवटच्या बाजूला रेल्वेत गँगमन होते. दमा होता, बाकी माणूस ठणठणीत. दिवा उठला नाही. मी वर लाल ठिपक्याकडे बघितलं नाही. दोन माणसांनी धरून उभा केलेला म्हातारा हलणार किती आणि सेन्सरला दिसणार किती, हे मला बघायची गरज नव्हती.

त्याच संध्याकाळी त्यांची बाज बाहेर ओसरीवर आली. दम्याची औषधं बंद झाली, आता कशाला उगीच म्हणून. पाहुण्यांना निरोप गेले. पाहुणे आले, राहिले, आणि दगडोबा काही जाईनात. आठ दिवस झाले, पंधरा झाले. सिंधु आमच्या दारात येऊन सत्यशीलाला म्हणाली, “काय करावं वैनी, दिवा तर उठला न्हाई, आन् ह्ये बी जाऊन नाही राहिले. पावण्यांम्होरं लाज वाटून राहिली.”

तिच्या आवाजात राग होता, म्हाताऱ्यानं वेळ पाळली नाही म्हणून. मग रात्रीची भाकर बंद झाली, पचत नाही या सबबीवर. दगडोबा पाण्यासाठी पत्र्याचा मग बाजेच्या पायावर वाजवायचे. तीनदा वाजवून थांबायचे, मग पुन्हा तीनदा. आमच्या खिडकीतून स्पष्ट ऐकू यायचं. मी दोनदा उठून पाणी देऊन आलो. तिसऱ्यांदा सिंधुचा नवरा अंधारातून म्हणाला, “राहू द्या सायेब. कामून लांबवायलेत?” त्यानंतर मी गेलो नाही. बाविसाव्या दिवशी तो मग वाजायचा थांबला.

आणि गल्ली म्हणाली, बघा, दिवा कधी चुकत नाही.

त्या रात्री मी सत्यशीलाला स्क्रूचं सगळं सांगितलं. ती ताटात तूर निवडत होती.

“मंग सांगा की तेंना.”

“जूनमदी तपासणी हाय. स्क्रू फिरवला म्हणून कळलं तर नोकरी जाईल.”

तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. “मंग नका सांगू,” ती म्हणाली.

मी स्वतःला बजावलं, तपासणी झाली की सांगू. तोवर कोण मरतंय.

५

त्यानंतरच्या मंगळवारी मशीनवर नंबर उशिरा लागला, आणि मायला तिन्हीसांजेला परत आणताना बाकावर बसून माझी पाठ धरली होती. त्या बाकाचा एक खिळा वर आलेला आहे. तीन वर्षं मी त्या खिळ्याच्या डाव्या बाजूला बसत होतो. रिक्षा नेहमी आमच्या दारात थांबते, खांब त्याच्या पुढे आहे. त्या दिवशी मी रिक्षावाल्याला म्हणालो, अजून थोडं पुढे घे.

मी मायला तिथं का नेलं हे मला आजही धड सांगता येत नाही. गल्लीचं खूळ एकदाचं मोडावं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण खूळ मोडायचं तर आधी स्क्रू सरळ करायचा होता, आणि तो मी केला नव्हता. सुजलेल्या पायांनी सरपटत चालणाऱ्या बाईसाठी हा दिवा उठणार नाही, हे अख्ख्या नांदेडात मला सगळ्यांपेक्षा जास्त पक्कं माहीत होतं. माहीत असून मी तिला हाताला धरून खांबाखाली उभं केलं.

दिवा उठला नाही.

मायच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं मान वर केली, डोळे बारीक केले.

“उठला का रे दिवा?”

“उठला, माय.”

तिनं हात जोडले. सुया टोचून टोचून तिचा डावा हात काळा पडला होता. “समद्यांला सुखी ठेव,” ती म्हणाली. मी वर लाल ठिपक्याकडे बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवूनच मी तिथं उभा होतो. गल्लीतली दारं अर्धी-अर्धी उघडी होती. आमच्या दारात सत्यशीला पिठाच्या हातांनी उभी होती.

शुक्रवारी माय सकाळी सहालाच तयार होऊन बसली. हिरवं लुगडं, मांडीवर तिची पिशवी, पिशवीत चादर, फाइल आणि पाण्याची बाटली.

“माय, आज मशीन बंद हाय,” मी म्हणालो.

“आगं बाई. मंग कवा?”

“कळवणार हायेत.”

ती तशीच बसून राहिली. दुपारी मी जेवायला आलो तरी पिशवी मांडीवरच होती. मंगळवारी पुन्हा तयार. मी म्हणालो, दुरुस्त झालं नाही अजून. ती म्हणाली, दुसऱ्या लोकांचे बी हालच व्हत असतील. त्यांच्यासाठी ती हळहळली. दुसऱ्या शुक्रवारी तिला उठता आलं नाही, तर सत्यशीलानं ती पिशवी स्वतः उचलून खुंटीला अडकवली. या सगळ्या दिवसांत सत्यशीलानं मला एक शब्द विचारला नाही. तिनं मायचे पाय चेपले, तिला पेज भरवली, कपडे बदलले, सगळं नीट केलं. फक्त विचारलं नाही.

मायचं तोंड सुजलं. श्वास घेताना आत पाणी गुळगुळल्याचा आवाज यायचा, तो शेजारच्या खोलीतही ऐकू यायचा. त्या शुक्रवारनंतरच्या मंगळवारी, म्हणजे तिच्या शेवटच्या संध्याकाळी, तिनं मला जवळ बोलावलं.

“व्यंकटा, तवा उठला व्हता ना रे दिवा?”

“हाव, माय.”

“मंग मला काहून असं हून राह्यलं?”

मी तिच्या उशीखालची चादर सारखी केली आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसलो.

६

मायचे दिवस झाले. मधल्या काळात तपासणी होऊन गेली आणि आमचं काम पास झालं. हौदगल्लीच्या बचतीचं तर खास कौतुक झालं. तपासायला आलेल्यांपैकी कुणी शिडीवर चढलं नाही. मिरगाचं नक्षत्र लागलं तरी आभाळ कोरडंच होतं.

मी मल्लेशला गाडी घेऊन बोलावलं. सकाळची दहाची वेळ. त्यानं फिटिंग उघडलं आणि वरून म्हणाला, “स्क्रू डाव्या अंगालाच हाय सायेब. तुमी सांगितला तसाच.”

मला वाटलं होतं, कुणी तरी तो कधीच सरळ केलेला असेल. खरं सांगायचं तर मी तशी आशा धरून होतो, म्हणजे दोष माझा उरला नसता. त्याला खाली बोलावून मी स्वतः वर गेलो. स्क्रूवर धूळ बसलेली, वर कोळ्याचं एक जाळं, न तुटलेलं. स्क्रूला कुणी हात लावला नव्हता. म्हणजे सगळा खेळ स्क्रूचाच होता. सरजाबाई म्हातारी होती म्हणून गेली, बजरंग ट्रकमुळे गेला, दगडोबांना त्यांच्या पोरांनी घालवलं. आणि मायला मी. वरून सगळी गल्ली दिसत होती. आमच्या खिडकीतून खुंटीवरची पिशवीही दिसली. मी जाळं पुसलं आणि स्क्रू उजवीकडे पार शेवटपर्यंत फिरवला. मग खाली आलो.

“आता चिमणी गेली तरी दिसंल त्याला,” मल्लेश म्हणाला.

संध्याकाळी मी सगळ्यांना बोलावलं. आले सगळे, भिंतीला धरून उभे राहिले. पहिल्यांदा शेळी सोडली. दिवा उठला. लंगडं कुत्रं गेलं, उठला. एक तान्हं पोर आईच्या खांद्यावर झोपलेलं होतं, तरी उठला. सिंधु गेली, तिचा नवरा गेला, काठी टेकत दोन म्हातारे गेले. प्रत्येकासाठी उठला. सत्यशीला गेली, तिच्यासाठीही लख्ख. लोक हसायला लागले, आणि त्या हसण्यानं माझी जीभ सुटली. मी सगळं सांगून टाकलं. स्क्रू, अहवाल, मल्लेशनं आधीच सावध केलेलं, सगळं. म्हणालो, दिव्यात काही नव्हतं. चूक माझी होती. दिव्याला कुणाचं काही कळत नाही.

हसणं थांबलं. मग सिंधु पुढे आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“म्हंजी आमचे मामंजी...” ती म्हणाली. “बावीस दिस, सायेब. मग वाजवून राहिले व्हते ते.”

तिचा नवरा माझ्या अगदी जवळ येऊन उभा राहिला. हळू आवाजात म्हणाला, “तुमी न्हाई गेले अजून दिव्याखाली. जावा की.”

मी गेलो. काय होतं जायला? पाचसहा पावलं, मोठमोठी टाकली.

दिवा उठला नाही.

मी हात हलवले. मागे जाऊन पुन्हा आलो. उडी मारली, आणि उडी मारतानाच आठवलं की अगदी अशीच उडी बजरंगनं मारली होती. माझ्या चपलांचा आवाज भिंतींवरून परत आला. मग मी मान वर केली. सेन्सर बिघडला असेल तर ठिपका बंद असणार, एवढंच मला बघायचं होतं.

ठिपका लुकलुकत होता. मी डावीकडे सरकलो की लुकलुके, उजवीकडे सरकलो की लुकलुके. त्याला मी दिसत होतो. अगदी नीट दिसत होतो.

मी गल्लीकडे वळलो. त्या मंद उजेडात सगळ्यांचे चेहरे मला दिसले, आणि ते मी विसरणार नाही. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता. सिंधुनं डोळे मिटून दिव्याला हात जोडले. तिचा नवरा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “चूक न्हाई सायेब तुमची. कुणाचीच न्हाई.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं.

आणि लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मलाही हलकं वाटलं. मायला मी मारलं नव्हतं. तिचं ठरलेलंच होतं. मी दिव्याखाली उभा राहून ढसाढसा रडलो, आणि रडता रडता मला दारात उभी असलेली सत्यशीला दिसली. तिच्या हातांना आज पीठ नव्हतं. तिनंही हात जोडले आणि ती आत गेली.

७

आज सकाळी उठलो तर तांब्यावर फुलपात्र पालथं घातलेलं होतं. त्यावर गोळी नव्हती.

“गोळी?” मी विचारलं.

“सपल्या,” सत्यशीला चुलीकडे तोंड करून म्हणाली. “दुकान बंद हाय.”

“कवा उघडणार हाय?”

“कळवतो म्हणले.”

परवाच मी नवी पट्टी आणून फडताळातल्या डब्यात ठेवली आहे. डबा माझ्या हाताच्या अंतरावर आहे, मी बसलोय तिथून त्याचं झाकण दिसतंय. उठून घ्यायला एक मिनिट लागणार नाही. पण गोळी घेतली आणि जगलो, तर दिवा खोटा ठरतो. दिवा खोटा ठरला तर सिंधुच्या घरात पुन्हा तो पत्र्याचा मग वाजायला लागेल. आणि आमच्या घरात माय पुन्हा हिरवं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन सकाळी सहाला बसलेली असेल. ते मला बघवणार नाही.

सत्यशीला माझ्या बाजूला येऊन बसली आणि माझे पाय चेपायला लागली. आजवर तिनं कधी माझे पाय चेपले नव्हते. पिशवी अजून खुंटीला आहे.

“काल दिवा उठला व्हता ना गं?” मी विचारलं.

तिचे हात क्षणभर थांबले, मग पुन्हा चालू झाले.

“उठला की,” ती म्हणाली.

मी फुलपात्र सुलटं केलं आणि त्यात नुसतंच पाणी ओतून घेतलं.